‘अ’ची जमीन, ‘ब’चा सातबारा

कनेटिकटमधल्या न्यू लंडनला मी २०१४ च्या ऑक्टोबरात गेलो तो एक रिकामं रान बघायला. बायकोला हे नीट सांगितलं नव्हतं. हार्टफर्डहून तासाभराचा रस्ता, दुतर्फा लाल-पिवळी झाडं, मागच्या सीटवर डब्यात थालीपीठ. तिला वाटत होतं आपण समुद्रावर चाललोय. समुद्र होताही. पण मी गाडी उभी केली ती फोर्ट ट्रम्बुलच्या अलीकडे. तिथे रस्ता आहे, त्याच्या कडेला फूटपाथ आहे, आगीच्या बंबासाठी पाण्याचे नळ आहेत, आणि तेव्हा घर एकही नव्हतं. कमरेएवढं गवत, त्यात मध्येच एखाद-दुसरं मांजर.

“इथं काय आहे?” तिने विचारलं.

“काही नाही. तेच बघायला आलोय.”

त्यानंतर बराच वेळ मला थालीपीठ मिळालं नाही.

बाजूची नदी थेम्स. विलायतेतली ती टेम्स, पण इथले लोक जसं लिहिलंय तसं वाचतात, आणि मला ते आवडतं. पलीकडच्या तीरावर पाणबुड्या बांधणारा कारखाना आहे. अलीकडे, या गवताला लागूनच, काचेची एक भलीमोठी इमारत. या गवताची गोष्ट त्या इमारतीपासून सुरू होते. मी ती पहिल्यांदा ऐकली २००५ च्या जूनमध्ये, अमेरिकेत येऊन मला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. टीव्हीवर एक लहानसं गुलाबी घर आणि त्याच्या दारात उभी एक बाई सारखी दाखवत होते. सुप्रीम कोर्टाने तिचं घर घेऊ दिलं म्हणून सगळा देश खवळलेला. मी चॅनेल बदललं. भूसंपादन झालं, मोबदला मिळणार, यात एवढं काय? आमच्याकडे धरणं झाली, रस्ते झाले, वसाहती झाल्या. गावंच्या गावं उठली, आणि त्यांच्या दारात कॅमेरा कुणी नेला नाही.

दुसरं कारण जरा खोलातलं होतं. मालमत्तेचा हक्क हे श्रीमंतांचं रडगाणं, हे मी घरातूनच शिकून आलो होतो. आमचं गाव महाडकडचं. आजा खोताचं कूळ. अर्धं पीक खोताच्या खळ्यावर, वर वेठ. चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून संप केला, त्याच्या गोष्टी आजा अशा सांगायचा की जणू तो स्वतः तिथे होता. (नव्हता.) बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरुद्ध बिल मांडलं, ते तेव्हा पास झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. आणि १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कुळं कायद्याने मालक झाली. आमच्या दोन एकरांचं मात्र घोडं अडलं. खोत वारला होता, मालकीण विधवा, आणि विधवा, अज्ञान, अपंग अशा मालकांची जमीन लगेच कुळाकडे जाऊ नये अशी सोय कायद्यातच होती. कूळकायद्याच्या कलम बत्तीस ग ची, म्हणजे जमिनीची किंमत ठरवायची केस अनेक वर्षं रखडली. शेवटी बत्तीस म चा, म्हणजे खरेदीचा दाखला हातात आला तेव्हा बाबा कॉलेजात होते. तो दाखला आमच्या घरी देवाच्या पेटीत असायचा.

म्हणजे मी कुणाचा नातू? सरकारने एकाची जमीन घेऊन दुसऱ्याला दिली, त्यातल्या दुसऱ्याचा.

हे सांगणं भाग आहे, कारण अमेरिकेतल्या उजव्या विचाराच्या वकिलांचं एक लाडकं वाक्य नेमकं याविरुद्ध आहे. १७९८ साली सॅम्युएल चेस या न्यायाधीशाने लिहून ठेवलं होतं की ‘अ’ची मालमत्ता काढून ‘ब’ला देणारा कायदा हा विवेकाला आणि न्यायाला सोडून आहे, असा अधिकार लोकांनी कायदेमंडळाला दिला असेल असं धरून चालता येणार नाही. दोनशे वर्षं ते ‘अ’ आणि ‘ब’ अमेरिकेच्या निकालपत्रांतून एकमेकांसमोर उभे आहेत. मी वाचायला बसलो तेव्हा लक्षात आलं की तो ‘ब’ मी आहे.

वाचायला बसलो त्याला कारण आत्या. तिच्या सासरची भातशेती ऐंशीच्या दशकात औद्योगिक वसाहतीसाठी गेली होती. २००९ च्या मे महिन्यात सुट्टीवर गेलो असताना तिने पेटीतून नोटीस काढून दाखवली. पिवळा पडलेला कागद, त्यावर ‘सार्वजनिक प्रयोजन’. तिला अक्षरओळख आहे, पण तो शब्द तिने मला दोनदा वाचायला लावला. “म्हणजे काय रे?” म्हणाली. मी म्हटलं, सगळ्यांच्या उपयोगासाठी. तिने नुसतं दाराबाहेर बघितलं. तिच्या शेतावर एका खासगी कंपनीची पाटी आणि तारेचं कुंपण होतं, आत बाभळी. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, हार्टफर्डच्या एका पेपरात बातमी आली की फायझर ही औषधं बनवणारी कंपनी न्यू लंडन सोडून चालली. त्या बातमीत परत ती गुलाबी घरवाली बाई होती. या वेळी मी चॅनेल बदललं नाही.

तिचं नाव सुझेट केलो. रुग्णवाहिकेवर काम करायची, पुढे नर्स झाली. १९९७ साली तिने फोर्ट ट्रम्बुलमध्ये पाणी दिसणारं एक जुनं पडकं घर घेतलं, स्वतः दुरुस्त केलं, गुलाबी रंगवलं. न्यू लंडन हे एकेकाळी देवमाशांच्या शिकारीवर गब्बर झालेलं बंदर, पण नव्वदीत त्याची रया गेली होती. १९९६ मध्ये नौदलाने तिथलं संशोधन केंद्र बंद केलं, दीड हजारांवर नोकऱ्या गेल्या. वस्ती चोवीस हजारांच्या खाली उतरली, १९२० नंतरची सगळ्यांत कमी. अशात १९९८ च्या फेब्रुवारीत फायझरने जाहीर केलं की शेजारी तीस कोटी डॉलरचं संशोधन केंद्र उभारणार. शहराने स्वतःच्या वतीने एका खासगी विकास मंडळाला कामाला लावलं, त्याच्या अध्यक्षा गावातल्या कॉलेजच्या प्रमुख. नव्वद एकरांचा आराखडा झाला. हॉटेल, कचेऱ्या, नवी घरं, नावांचा धक्का. हजारावर नोकऱ्या मिळतील, कर वाढेल. बहुतेकांनी घरं विकली. नऊ जण अडले. त्यांची मिळून १५ घरं.

त्यांतल्या विल्हेल्मिना डेरी त्याच घरात १९१८ साली जन्मल्या होत्या आणि जन्मभर तिथेच राहिल्या होत्या. नवरा लग्न होऊन निकालाच्या साठेक वर्षं आधी तिथे आला, म्हणजे घरजावई म्हणा ना. घरं पडकी होती, वस्ती गलिच्छ होती, असा आरोप कुणी केलाच नव्हता, हे निकालातच लिहिलंय. १५ पैकी ११ घरं ज्या तुकड्यात होती, त्या तुकड्याचं नक्की काय करायचं हेही आराखड्यात धड ठरलेलं नव्हतं. पार्किंग, नाही तर दुकानं, नाही तर धक्क्यासाठी काहीतरी. त्याच परिसरात इटालियन मंडळींचा एक जुना क्लब होता, राजकारण्यांची उठबस असलेला. तो मात्र राहू दिला. हे वाचलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

२००० सालच्या थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी सुझेटबाईंच्या दारावर नोटीस लागली. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या दिवशी यावी तशी.

केस लढायला उभी राहिली ती वॉशिंग्टनची ‘इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस’ ही संस्था. लिबर्टेरियन वकिलांची, पैसे न घेता लढणारी. आता लिबर्टेरियनला मराठीत शब्द नाही. ‘स्वातंत्र्यवादी’ म्हटलं की डोळ्यांसमोर ४२ सालचा फोटो येतो. आपल्याकडे त्या जातीचं बोलणारा मोठा माणूस एकच, शरद जोशी. सरकारने शेतकऱ्याला काही देऊ नये, फक्त त्याच्या वाटेतून बाजूला व्हावं, घामाचे दाम त्याला आपोआप मिळतील, असं ते चाकणच्या कांदा आंदोलनापासून सांगत राहिले. आणि मालमत्तेचा हक्क संविधानात परत आणा असंही. हे दुसरं कुणी फारसं ऐकलं नाही. आपण १९७८ मध्ये ४४ व्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून उचलून कलम ३०० क मध्ये नेऊन ठेवला आणि विसरून गेलो. अमेरिकेत तो १७९१ पासून पाचव्या दुरुस्तीत आहे. योग्य भरपाईशिवाय खासगी मालमत्ता सार्वजनिक वापरासाठी घेतली जाणार नाही. ‘वापरासाठी’. सगळा वाद या एका शब्दावर. रस्ता मी वापरतो, पूल मी वापरतो. फायझरच्या शेजारचं हॉटेल मी कसं वापरतो? पण कोर्टाने विसाव्या शतकात हळूहळू ‘वापर’ या शब्दाचा ‘प्रयोजन’ करून टाकला होता. आत्याच्या नोटिशीतला तोच शब्द.

सुनावणीत न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी शहराच्या वकिलाला विचारलं, समजा एक साधं मोटेल आहे आणि शहराला वाटलं की त्या जागी रिट्झ-कार्लटन आलं तर कर जास्त मिळेल, तर चालेल? वकील म्हणाला, चालेल. त्या वकिलाचं मला कौतुक वाटतं, आडपडदा नाही. तरी २३ जून २००५ ला पाच विरुद्ध चार असा निकाल शहराच्या बाजूने लागला.

बहुमताचा निकाल जॉन पॉल स्टीव्हन्स यांचा. अमेरिकेतले उजवे त्याला खलनायक करतात, पण मी तो निकाल तीनदा वाचला आणि मला त्यात एक सज्जन कलेक्टर दिसला. शहर बुडतंय, लोकांनी निवडून दिलेल्यांनी विचार करून आराखडा केलाय, तो बरा की वाईट हे आम्ही न्यायाधीशांनी ठरवायचं का? राज्यांना कडक कायदे करायचे तर करू द्या. नंतर एका भाषणात तेच म्हणाले की धोरण म्हणून हे शहाणपणाचं नव्हतं, पण कायदा तिकडेच नेत होता. इथे कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींची पंचाईत आहे, आणि ती त्यांच्या लेखांत फार थोडे जण कबूल करतात. न्यायाधीशांनी लोकप्रतिनिधींच्या कामात नाक खुपसू नये, हा चाळीस वर्षं यांचाच धोशा. स्टीव्हन्सनी नाक खुपसलं नाही तर हेच ओरडले, खुपसा म्हणून.

असं का, याचं उत्तर मला त्याच जूनमधल्या दुसऱ्या निकालात सापडलं. केलोच्या सतरा दिवस आधी, ६ जूनला, रेच नावाच्या आजारी बाईचं प्रकरण निकालात निघालं. कॅलिफोर्निया राज्याने औषध म्हणून गांजाला परवानगी दिली होती. तिच्याबरोबरच्या दुसऱ्या बाईने घरामागे लावलेली सहा झाडं केंद्राच्या पोलिसांनी उपटून नेली. विकला नाही, राज्याबाहेर नेला नाही, तरी हा आंतरराज्य व्यापार आहे आणि म्हणून केंद्राच्या हातात आहे, असं कोर्ट म्हणालं. हाही निकाल स्टीव्हन्स यांचाच. आधार १९४२ सालच्या एका खटल्याचा. ओहायोतल्या रॉस्को फिलबर्न या शेतकऱ्याला केंद्राच्या कोट्याप्रमाणे ११.१ एकरांवर गहू लावायची परवानगी होती, त्याने २३ एकरांवर लावला. जादा पिकलेले २३९ बुशेल गहू त्याच्या कोंबड्यांनी आणि घरच्यांनी खाल्ले असते. दंड ११७ डॉलर ११ सेंट. उसाची झोनबंदी आणि कापसाची एकाधिकार खरेदी ज्यांनी भोगलीय, त्यांना फिलबर्न समजावून सांगावा लागणार नाही.

गांजाच्या त्या खटल्यात आजारी बाईची बाजू रँडी बार्नेट या लिबर्टेरियन प्राध्यापकाने मांडली, आणि न्यायमूर्ती स्कॅलिया, कॉन्झर्व्हेटिव्हांचा तळपता हिरा, सरकारच्या बाजूने गेले. घर असेल तर सरकार वाईट, गांजा असेल तर सरकार बरं. लिबर्टेरियन आणि कॉन्झर्व्हेटिव्ह एकाच पंगतीला बसतात म्हणून आपण त्यांना एक समजतो. पान एक, पण एकाला वाढपी कोण हे बघायचं असतं, दुसऱ्याला वाढप कुणी करूच नये असं वाटतं.

दोन्ही खटल्यांत सरकारच्या विरुद्ध उभे राहिले तिघे: रेनक्विस्ट, ओकॉनर आणि क्लॅरन्स थॉमस. थॉमस यांच्याविषयी माझं मत चांगलं नव्हतं, अजूनही अनेक बाबतीत नाही. पण केलोमधलं त्यांचं वेगळं मतपत्र वाचताना मी लॅपटॉपवरून उठून पाणी प्यायलो. हा जॉर्जियातल्या पिन पॉइंटचा गरीब काळा मुलगा, आजोबांनी वाढवलेला. तो लिहितो की आपल्या घरांत नागरिक सरकारपासून सुरक्षित आहेत, पण घरंच सुरक्षित नाहीत. आणि मग तो हिशेब मांडतो. १९५४ साली कोर्टाने वॉशिंग्टनमधली वस्ती हटवायला मान्यता दिली, तेव्हा उठवलेल्यांपैकी ९७ टक्क्यांहून जास्त लोक काळे होते. ‘शहराचं नूतनीकरण’ याला काळे लोक ‘काळ्यांना हटवणं’ म्हणायचे, हेही तो सरळ लिहितो. ‘सार्वजनिक प्रयोजन’ असं म्हटलं की घर जातं ते गरिबाचं, कारण त्याच्या घरावर कर कमी येतो. केलोच्या बाजूने काळ्यांच्या हक्कांची सगळ्यांत जुनी संघटना एनएएसीपी कोर्टात आली होती, हे मला तेव्हा कळलं. टीव्हीवर कुणी दाखवलं नव्हतं.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. आत्या, सुझेटबाई, थॉमस एका बाजूला, कंपनी आणि कलेक्टर दुसऱ्या बाजूला. मी जवळजवळ लिबर्टेरियन झालोच होतो.

मग ओकॉनरबाईंचा जुना निकाल समोर आला. १९८४, हवाई. तिथे राजेशाहीच्या काळापासून जमीन मूठभरांच्या हातात. सत्तेचाळीस टक्के जमीन फक्त ७२ खासगी मालकांची, उरलेली जवळजवळ सगळी सरकारची. लोक दुसऱ्याच्या जमिनीवर घर बांधून भाडेपट्ट्याने राहायचे. राज्याने १९६७ मध्ये कायदा केला की राहणाऱ्याने मागितलं तर सरकार मालकाकडून जमीन घेईल आणि राहणाऱ्याला विकेल. कूळकायदाच की हो! खालच्या कोर्टाने म्हटलं, ही ‘अ’ची मालमत्ता उघडउघड ‘ब’ला देणं आहे, चालणार नाही. वरच्या कोर्टाने एकमताने म्हटलं, चालेल. आणि ते लिहिलं कुणी? ओकॉनरबाईंनी. एकवीस वर्षांनी शहराचे वकील त्यांच्याच निकालातली वाक्यं घेऊन त्यांच्यासमोर उभे होते. केलोमधल्या मतपत्रात बाईंना लिहावं लागलं की तेव्हा भाषा जरा सैल झाली होती.

पट्टीचे लिबर्टेरियन म्हणतात, दोन्ही निकाल चूक. निदान ते सरळ बोलतात. पण मग माझ्या आजाचा दाखलाही चूक. चेस साहेबांच्या ‘अ’मध्ये खोत बसतो, ‘ब’मध्ये आजा. मी कितीतरी रात्री यावर स्वतःशी भांडलो. सुटका म्हणून एक गोष्ट सापडली: हवाईत आणि महाडात ‘ब’ आधीपासूनच त्या जमिनीवर होता. आजाच्या आजाने तो बांध घातला होता. कायदा आला तेव्हा कुणाला चंबूगबाळं उचलावं लागलं नाही, फक्त कागदावरचं नाव बदललं. फोर्ट ट्रम्बुलमध्ये कागदावरचं नाव आणि चुलीपुढचा माणूस एकच होता, आणि ट्रक आला तो त्यांच्या दारात. थॉमस मोजतात ते उठवलेली माणसं, आणि त्यांचे लिबर्टेरियन चाहते मोजतात ते हिसकावलेले कागद. न्यू लंडनमध्ये दोन्ही हिशेब एकच आले म्हणून फरक कुणाच्या ध्यानात आला नाही.

हे मी बाबांना फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितलं. दर रविवारी फोन असतो. ते नेहमीसारखे हूं हूं करत होते, मग म्हणाले, “आणि काकू?”

“कोण काकू?”

“खोताची विधवा. तिची चूल त्याच भातावर होती ना?”

मग जे त्यांनी सांगितलं ते मी पन्नाशीला येईपर्यंत ऐकलं नव्हतं. केसचा निकाल लागल्यावर त्या बाईला हप्त्याहप्त्याने जी किंमत मिळाली ती किरकोळ होती. तिचा मुलगा गिरगावात कारकून, तो आईला नेतो म्हणायचा आणि न्यायचा नाही. आजा दर दिवाळीला नव्या भाताची दोन पायली तिच्या ओटीवर नेऊन ठेवायचा, ती मरेपर्यंत. आजी यावरून भांडायची. “जन्मभर त्यांचं खळं भरलं, आता पण भरताय?” आजा म्हणायचा, “हे खळं नाय.” मग काय आहे, ते तो सांगायचा नाही.

बाबांनी एवढं सांगितलं आणि पावसाबद्दल बोलायला लागले.

अमेरिकेत पुढे काय झालं ते थोडक्यात. निकालानंतर आठवड्याच्या आत प्रतिनिधिगृहाने ३६५ विरुद्ध ३३ मतांनी निषेधाचा ठराव केला. एवढं एकमत तिथे सहसा दिसत नाही. चाळीसहून जास्त राज्यांनी कायदे बदलले, काहींनी खरोखर, काहींनी दाखवण्यापुरते. बहुमतातले न्यायमूर्ती सूटर यांचं न्यू हॅम्पशायरमधलं शेतघर घेऊन तिथे हॉटेल बांधावं, जास्त कर मिळेल, अशी मागणी एका बहाद्दराने त्यांच्याच गावाकडे केली. गावाने नाकारली. आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी टीव्हीवर सांगितलं की केलोच्या निकालाशी ते शंभर टक्के सहमत आहेत. त्यात नवल नव्हतं. नव्वदीत अटलांटिक सिटीत त्यांच्या कसिनोजवळ व्हेरा कोकिंग नावाच्या विधवेचं घर होतं. लिमोझिन उभ्या करायला ती जागा हवी म्हणून सरकारी मंडळ ते घर घ्यायला निघालं, आणि १९९८ मध्ये कोर्टाने त्यांना थांबवलं. तिच्या बाजूने लढली होती तीच ‘इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस’. पुढे कॉन्झर्व्हेटिव्हांच्या रिपब्लिकन पक्षाने याच गृहस्थांना डोक्यावर घेतलं, आणि टेक्सासमध्ये रिओ ग्रांदेच्या काठच्या शेतकऱ्यांच्या जमिनी मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी घ्यायची वेळ आली तेव्हा मालमत्तेच्या हक्कावर पानंच्या पानं लिहिणाऱ्या बऱ्याच लेखण्यांतली शाई सुकली. सगळ्यांच्या नाही. इल्या सोमीन यांच्यासारखे लिबर्टेरियन प्राध्यापक तेव्हाही तेच बोलत राहिले जे केलोच्या वेळी बोलले होते. मी त्यांच्याशी प्रत्येक बाबतीत सहमत नाही, पण माणसाचा काटा एकच असला की त्याच्याकडे माल तोलायला नेता येतो.

केलोचा निकाल अजून उभा आहे. २०२१ मध्ये शिकागोचं तसंच एक प्रकरण आलं. कोर्टात तेव्हा सहा कॉन्झर्व्हेटिव्ह. ऐकून घ्यायला चार मतं पुरतात, पडली तीन: थॉमस, गॉर्सच, कॅव्हनॉ. आपल्याकडे २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने मुंबईतल्या उपकरप्राप्त इमारतींच्या मालकांच्या, तीस वर्षांहून जुन्या प्रकरणात सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता म्हणजे काही समाजाचं भौतिक साधन नव्हे. मराठी पेपरांत बातमी दोन दिवस टिकली. मला आत्याला फोन करून सांगावंसं वाटलं, पण ती त्याच्या आदल्या वर्षी गेली होती.

फायझर २००९ मध्ये निघाली. करातली सवलत संपत आली होती. नदीपलीकडे ग्रॉटनला त्यांची जुनी जागा होती, तिकडे माणसं हलवली. काचेची इमारत पाणबुडीवाल्या इलेक्ट्रिक बोटने घेतली. आम्ही गेलो तोपर्यंत हॉटेल झालं नव्हतं, घरं झाली नव्हती, धक्काही नव्हता. २०११ च्या आयरीन वादळानंतर पडलेल्या फांद्या टाकायला ती जागा शहराच्या कामी आली, तोच काय तो सार्वजनिक वापर. विल्हेल्मिना डेरी २००६ मध्ये वारल्या, घर सोडायच्या आधी, त्याच घरात. एवढं तरी झालं. सुझेटबाईंचं गुलाबी घर मात्र पाडलं नाही. फळ्या सुट्या करून, खुणा घालून ते शहराच्या दुसऱ्या भागात, फ्रँकलिन स्ट्रीटवर परत उभं केलं. परतताना आम्ही तिथेही गेलो. लहानसं आहे. बायको गाडीतून उतरून त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “एवढ्याचसाठी?” ती घराला म्हणाली की कोर्टाला, मी विचारलं नाही. थालीपीठ मिळालं.

रात्री घरी येऊन बाबांना फोटो पाठवले. गावात रेंज धड नसते, ते पोचायला दुसरा दिवस उजाडला. मग त्यांचा फोन आला, रविवार नसताना.

“ते घर बघितलं. आणि जमीन कुठली?”

“ते गवताचे फोटो आहेत ना, ती.”

“सगळी?”

“सगळी.”

“नऊ वर्षं झाली म्हणालास ना?”

“हो.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मागे कुणाची तरी म्हैस ओरडत होती.

“अरे, मग निदान कुणी गुरं तरी सोडतं का तिथं?”

“नाही बाबा. मांजरं आहेत.”

“मांजरं,” ते म्हणाले. “ती काय गवत खातात?”